रेटिंग ३६००! पण मोजलं कुठे?

आमचे दाजी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात क्वालिटीला आहेत. दिवसभर वर्निअर आणि मायक्रोमीटर घेऊन सुटे भाग मोजायचे, ड्रॉइंगशी ताडून बघायचे आणि मापात न बसणारे बाजूला काढायचे. पुरवठादार कितीही गोड बोलला तरी दाजींचं एकच, "बघू, आधी मोजू." तेच दाजी दिवाळीच्या सुट्टीत घरी आले आणि मोबाईल माझ्यापुढे धरून म्हणाले, "हे बघ, ३६०० रेटिंगचं बुद्धिबळाचं सॉफ्टवेअर. जगात एक नंबर. पोरासाठी घेऊन टाकू का?"

पोरगा म्हणजे माझा भाचा, वय ११. नाशकात सध्या ज्या घरात बुद्धिबळाचा पट आहे त्या घरात विदित गुजराथीचं नाव निघतंच. आपल्या गावचा मुलगा २०२३ची ग्रँड स्विस जिंकतो, २०२४ला टोरांटोच्या कँडिडेट्समध्ये, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेत, अमेरिकेच्या नाकामुराला दोनदा हरवतो, त्याच वर्षी बुडापेस्टला ऑलिंपियाडच्या सुवर्णविजेत्या संघात असतो. मग शनिवार-रविवार क्लासच्या बाहेर चपलांचा ढीग लागणारच, आणि त्या चपलांच्या मालकांच्या पालकांना काहीतरी विकायला कोणीतरी येणारच.

ती जाहिरात मी नीट वाचली. ३६०० एलो. सेकंदाला कोट्यवधी चालींचा विचार. न्यूरल नेटवर्क. आधीच्या आवृत्तीपेक्षा ५० गुणांनी ताकदवान. यातलं धडधडीत खोटं असं एकही वाक्य मला दाखवता आलं नाही, आणि अडचण तिथेच होती. दाजींना मी म्हटलं, "हा आकडा तुमच्याकडे आलेल्या पार्टसारखा आहे. सोबत टेस्ट सर्टिफिकेट कुठाय?"

संगणकीय बुद्धिबळाच्या जगात गेली कित्येक वर्षं दोन भाषा बोलल्या जातात. एक जाहिरातीची, दुसरी मोजणाऱ्यांची. आकडे दोन्हीकडे तेच असतात. मोजणारा आकड्याआधी अटी सांगतो, जाहिरात अटी गाळून आकडा मोठ्या टायपात छापते.

एलो म्हणजे उंची नव्हे

रेटिंगची ही पद्धत अर्पाद एलो या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकन भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने बसवली. जागतिक संघटनेने, म्हणजे फिडेने, ती १९७०मध्ये स्वीकारली. बऱ्याच जणांना वाटतं की रेटिंग म्हणजे माणसाची उंची: भिंतीला उभं केलं, पट्टी लावली, झालं. तसं नाही. एलो फक्त दोघांमधला फरक सांगतं. १०० गुणांचा फरक असेल तर वरच्याला १०० डावांत साधारण ६४ गुण मिळावेत, २०० असेल तर ७६, ४०० असेल तर ९१. बरोबरी झाली की दोघांना अर्धा-अर्धा गुण. बस, एवढंच. उद्या जगातल्या सगळ्या खेळाडूंना ५०० गुण फुकट वाटले तरी कोणाचंही भाकीत बदलणार नाही.

म्हणजे इंजिनांच्या, बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमांच्या, यादीत ३६०० लिहिलेलं असतं ते इतर इंजिनांच्या तुलनेत. ही मंडळी आपापसातच खेळतात. माजी जगज्जेत्या मॅग्नस कार्लसनचं आजवरचं सर्वोच्च रेटिंग २८८२, मे २०१४मधलं. ते माणसांशी खेळून आलेलं आहे. ३६०० वजा २८८२ ही वजाबाकी करता येते, पण ती सोनाराच्या काट्यावरच्या ग्रॅममधून भाजीवाल्याच्या काट्यावरचे ग्रॅम वजा करण्यासारखी आहे. इंजिन माणसापेक्षा प्रचंड ताकदवान आहे यात वादच नाही. आज साध्या मोबाईलवरचं फुकट इंजिन कोणत्याही ग्रँडमास्टरला सहज हरवतं. नेमकं म्हणूनच ३५५० आणि ३६०० यांतला फरक ११ वर्षांच्या मुलाला शून्य किमतीचा आहे. त्याला दोन्ही सारख्याच वेळात मात देणार.

दाजींना हे पटलं, पण "५० गुणांनी ताकदवान" हे कलम त्यांच्या डोक्यातून जाईना. आणि खरी गंमत त्याच कलमात होती.

समजा दोन इंजिनं आपसात १०० डाव खेळली. नाणं १०० वेळा उडवलं तर बरोबर ५० छापे पडत नाहीत. ४४ पडतील, ५७ पडतील. डावांचंही तसंच. त्यातले ६० टक्के डाव बरोबरीत सुटतात असं धरून हिशेब केला, तर १०० डावांनंतर जो फरक दिसेल त्यात वर-खाली ४०हून जास्त गुणांची चूक सहज असू शकते. हजार डाव खेळवले तर चूक १४च्या आसपास येते. दहा हजार खेळवले तरी चार-साडेचार गुण राहतेच. वर्निअरचा लीस्ट काउंट ०.०२ मिलिमीटर असतो. त्या वर्निअरने मोजून कोणी ०.००५चा फरक सांगितला तर दाजी त्याला केबिनबाहेर काढतील. १०० डावांवरून १५ गुणांची सुधारणा जाहीर करणं हा तसलाच प्रकार आहे, आणि वर्षानुवर्षं तो राजरोस चालत आला आहे.

डाव कोणाविरुद्ध खेळले हेही विचारायला हवं. इंजिन स्वतःच्याच जुन्या आवृत्तीविरुद्ध खेळलं की फरक फुगून दिसतो. दोघांची विचार करायची पद्धत एकच असते, त्यामुळे नव्याला जुन्याची खोड नेमकी सापडते. तेच इंजिन दहा परक्या इंजिनांशी खेळवा, फरक आटतो. भावाभावांच्या कुस्तीवरून मातीतला पैलवान ठरवू नये.

सेकंदाला किती कोटी?

इंजिनाचं काम दोन भागांत चालतं. एक शोध: मी असं खेळलो तर तो तसं खेळेल, मग मी असं, अशा फांद्या फोडत पुढे जायचं. दुसरं मूल्यमापन: फांदीच्या टोकाला पोचल्यावर परिस्थिती कोणाच्या बाजूने आहे हे एका आकड्यात सांगायचं. पूर्वी हे मूल्यमापन माणसाने लिहिलेल्या नियमांवर चालायचं. प्याद्याचा एक गुण, घोडा-उंटाचे तीन, हत्तीचे पाच, वजिराचे नऊ, मग राजाभोवतीची तटबंदी, मोकळ्या पट्ट्या वगैरे. आता बहुतेक ठिकाणी ते काम एक शिकवलेलं न्यूरल नेटवर्क करतं. स्क्रीनवर दिसणारा +०.५ किंवा -१.२ तो हाच. त्याचा अर्थसुद्धा दिसतो तितका सरळ नाही. स्टॉकफिश या सर्वांत नावाजलेल्या फुकट इंजिनाने १५.१ आवृत्तीपासून, म्हणजे २०२२च्या अखेरीपासून, आपला मापदंड असा बसवला आहे की +१ म्हणजे जिंकण्याची शक्यता ५० टक्के (उरलेले बहुतेक बरोबरीचे). "एका प्याद्याने पुढे" असा जुना अर्थ लावणारे क्लासमध्ये अजूनही भेटतात.

सेकंदाला किती परिस्थिती तपासल्या हा आकडा जाहिरातवाल्यांचा फार लाडका. त्याला मोठेपण आणलं ते १९९७च्या मे महिन्याने. न्यूयॉर्कला आयबीएमच्या डीप ब्लू या संगणकाने तेव्हाच्या जगज्जेत्या कास्पारोव्हला साडेतीन-अडीचने हरवलं, आणि "सेकंदाला २० कोटी" हे शब्द जगभर गेले. त्याच्या आदल्या वर्षी फिलाडेल्फियात कास्पारोव्ह चार-दोनने जिंकला होता, ते फार जणांना आठवत नाही. सहा डावांवरून कोण सरस हे ठरवणं म्हणजे पहिल्या षटकावरून मॅच सांगणं. कास्पारोव्हने पुन्हा सामना मागितला, आयबीएमने तो दिला नाही. धंद्याच्या दृष्टीने शहाणपणाचंच होतं म्हणा.

वेगाचा आकडा किती फसवा असतो याचं माझं आवडतं उदाहरण रिब्काचं. वासिक राइलिखचं हे इंजिन २००५च्या डिसेंबरात आलं आणि पुढची काही वर्षं त्याने सगळ्यांना लोळवलं. लोकांना नवल वाटायचं ते याचं, की स्क्रीनवर रिब्का फारच थोड्या परिस्थिती तपासताना दिसायची. मग तर्क निघाला की ही कमी बघते पण समजून बघते, हिच्यात बुद्धिबळाचं ज्ञान ठासून भरलंय. पुढे कोड उकलणाऱ्यांनी दाखवलं की स्क्रीनवरचा आकडाच खऱ्यापेक्षा बराच कमी करून दाखवला जात होता. मीटरच मागे फिरवलेला! रिब्काची ती सगळी कीर्ती ज्या गोष्टीवर उभी होती, ती गोष्टच नव्हती. (ताकद मात्र खरी होती, हे कबूल करायला हवं.) २०११मध्ये संगणकीय खेळांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, फ्रुट आणि क्राफ्टी या इंजिनांतून उचलेगिरी केल्याच्या आरोपावरून, तिची २००७ ते २०१०ची जगज्जेतेपदं काढून घेतली. तो वाद अजून धुमसतो, त्यात शिरत नाही.

"खोली ४०", म्हणजे किती चाली पुढचं बघितलं, हाही तसलाच आकडा. एखादं इंजिन कित्येक फांद्या अर्ध्यातच छाटून पटकन ४०वर पोचतं, दुसरं फांद्या जपून चालतं म्हणून २५वर असतं. दोन इंजिनांच्या खोलीची तुलना करण्यात काही हशील नाही.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मंडळींकडे मात्र असे काही आकडे आहेत ज्यांवर वाद होतच नाही. सुरुवातीच्या पटावरून पांढऱ्याला २० चाली शक्य असतात. काळ्याचं उत्तर धरलं की ४०० शक्यता. तिसऱ्या अर्धचालीला, म्हणजे पांढऱ्याच्या दुसऱ्या खेळीनंतर, ८,९०२. चौथ्याला १,९७,२८१. पाचव्याला ४८,६५,६०९. नवं इंजिन लिहायला घेणारा प्रत्येक जण आधी ही मोजणी करून बघतो. ४८,६५,६१० आले तर कुठेतरी जाता-जाता प्यादं मारण्याचा नाहीतर असाच एखादा नियम चुकलाय, शोधत बसा. या मोजणीला पर्फ्ट म्हणतात. दाजींना हे ऐकून फार बरं वाटलं. "म्हणजे गो-नोगो गेज," म्हणाले, भाग मापात बसतो की नाही एवढंच सांगणारं. अगदी तेच. पण पर्फ्टची जाहिरात करता येत नाही. सगळ्यांचं उत्तर एकच असेल तर एक नंबर कोण?

चार तासांची गोष्ट

आता मुख्य प्रकरण. हे जरा सावकाश सांगतो, कारण यात दोन्ही बाजू बरोबर होत्या आणि दोन्ही चुकल्या.

२०१७च्या डिसेंबरात गूगलच्या डीपमाइंड कंपनीने एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या अल्फाझीरो या प्रोग्रॅमला बुद्धिबळाचे फक्त नियम सांगितले होते. स्वतःशीच खेळून तो शिकला, चार तासांत स्टॉकफिशच्या पुढे गेला, आणि १०० डावांच्या सामन्यात २८ जिंकून ७२ बरोबरीत सोडवून एकही न हरता वर आला. दुसऱ्या दिवशी जगभरच्या मथळ्यांत "चार तासांत" हे शब्द होते. आपल्याकडेही व्हॉट्सॲपवर फिरले. रविवार कारंज्यावर चहा पिताना एकाने मला ते वाचून दाखवलं होतं, पुढे त्याचं स्वतःचं एक वाक्य जोडून: "आता कोच बंद."

मोजणाऱ्या मंडळींनी निबंधाची मागची पानं उघडली. चार तास खरे, पण ते भिंतीवरच्या घड्याळातले. त्या वेळात पाच हजार खास चिपा एकाच वेळी डाव खेळत होत्या आणि आणखी ६४ चिपा त्यातून शिकत होत्या. नऊ तासांच्या पूर्ण शिक्षणात चार कोटी ४० लाख डाव झाले. रोज दहा डाव खेळणाऱ्या माणसाला तेवढे खेळायला १२ हजार वर्षं लागतील. पाच हजार बायका बसवून चार तासांत लग्नाच्या पोळ्या लाटल्या, तर त्या चार तासांतच झाल्या हे खरंच आहे. पण पोळ्या चार तासांत होतात असं कोणी पसरवत नाही.

मग सामन्याच्या अटी. समोर उभी केलेली स्टॉकफिशची आवृत्ती ८वी, म्हणजे वर्षभर जुनी. ६४ धागे, म्हणजे ६४ जण एकाच वेळी विचार करताहेत म्हणा, पण तपासलेल्या परिस्थिती लिहून ठेवायची मेमरी फक्त एक जीबी. ६४ कारकून आणि सगळ्यांत मिळून एक पाटी! सेकंदाला सात कोटी परिस्थिती तपासणाऱ्याची ती पाटी बघता बघता भरते, मग एकाने लिहिलेलं दुसरा पुसतो. प्रत्येक चालीला ठरावीक एक मिनिट. त्यामुळे सोप्या चालीवर वेळ वाचवून अवघड ठिकाणी ओतायचं जे कसब स्टॉकफिशमध्ये वर्षानुवर्षं घासून बसवलं होतं, ते कामालाच आलं नाही. समोरचा अल्फाझीरो सेकंदाला फक्त ८० हजार परिस्थिती बघत होता, पण अगदी वेगळ्या जातीच्या चार चिपांवर. यांची बरोबरी कशी लावायची? एकाचं घोडदळ, दुसऱ्याचं आरमार.

आणि १०० डावांपैकी त्या वेळी लोकांना दाखवले किती? दहा. दहाही अल्फाझीरोने जिंकलेले. लासलगावला कांद्याच्या लिलावात व्यापारी ट्रॉलीवरचा वरचा थर बघून कधी बोली लावत नाही. हात कोपरापर्यंत आत घालून मधला कांदा काढतो, दाबून बघतो. इथे ट्रॉली बंद होती, वरचा थर मात्र सुरेख होता. ते दहा डाव खरोखर देखणे होते. प्यादी देऊन, कधी मोहरा देऊन, वीस-वीस चालींनी त्याची वसुली करणारे. माझेही डोळे दिपले होते.

आता जरा हिशेब. २८ विजय आणि ७२ बरोबरी म्हणजे १०० पैकी ६४ गुण. वर एलोचं कोष्टक दिलंय, ६४ टक्के म्हणजे किती? बरोबर १०० गुण. "धुव्वा उडवला" याचा अर्थ १०० एलो. फरक मोठाच आहे, पण स्टॉकफिशच्या दोन आवृत्त्यांमध्येही असा फरक पडलेला आहे, आणि तेव्हा कोणी मथळा दिला नव्हता.

वर्षभराने, २०१८च्या डिसेंबरात, सायन्स या नियतकालिकात सुधारलेला निबंध आला. या वेळी हजार डाव. घड्याळ खऱ्या स्पर्धेसारखं, तीन तास आणि दर चालीला १५ सेकंद जादा. स्टॉकफिशला ३२ जीबी मेमरी. निकाल १५५ विजय, सहा पराभव, बाकी बरोबरी. म्हणजे साडेसत्तावन्न टक्क्यांच्या जरा खाली, एलोत सुमारे ५२. पाटी मोठी दिली, घड्याळ नीट लावलं आणि फरक निम्म्यावर आला. सगळी घट अटी सुधारल्यामुळे आली असं म्हणता येणार नाही, कारण वेळ जास्त मिळाला की बरोबरी वाढते आणि फरक तसाही आकसतो. पण दुसऱ्या निबंधाला मी पूर्ण मान देतो. पहिल्यावर झालेली टीका त्यात ऐकलेली दिसते.

इथपर्यंत मोजणाऱ्यांची बाजू. पण त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी पाटी-पाटी करत मूळ गोष्टच नजरेआड केली. "सामना बरोबरीच्या अटींवर झाला नाही" हे खरं. त्यावरून "म्हणजे यात काही दम नाही" हे निघत नव्हतं. माणसाने मूल्यमापनाचा एकही नियम न शिकवता ते शिकता येतं, आणि ते माणसाने लिहिलेल्यापेक्षा सरस असू शकतं, हा दावा पाटीच्या आकारावर अवलंबून नव्हता. अल्फाझीरो प्रोग्रॅम बाहेर कधी दिलाच नाही, त्यामुळे तो कोणालाच मोजता आला नाही. मग २०१८मध्ये काही जणांनी निबंध वाचून तीच पद्धत मुक्तपणे राबवायला घेतली. लीला चेस झीरो. हजारो स्वयंसेवकांनी आपापल्या घरचे संगणक दिले. इथे चार तास नव्हते, महिनेच्या महिने गेले. सुरुवातीला लीला फुकटात वजीर देऊन बसायची आणि लोक हसायचे. मे २०१९मध्ये इंजिनांच्या टीसीईसी स्पर्धेच्या १५व्या हंगामाच्या अंतिम सामन्यात लीलाने त्या वेळच्या ताज्या स्टॉकफिशला साडेत्रेपन्न-साडेसेहेचाळीसने हरवलं. सगळ्यांसमोर, सगळे डाव उघडे.

पुढचं वळण तर अजून मजेदार आहे. न्यूरल नेटवर्क स्टॉकफिशमध्ये शिरलं ते गूगलच्या दारातून नव्हे, तर जपानी बुद्धिबळाच्या, शोगीच्या. यू नासू यांनी २०१८मध्ये शोगीसाठी एक छोटं नेटवर्क बसवलं होतं, जे खास चिपेशिवाय साध्या प्रोसेसरवर पळतं. एक चाल झाली की सगळं गणित नव्याने मांडायचं नाही, जेवढी सोंगटी हलली तेवढंच बदलायचं. आपल्या किराणा दुकानदाराची वही असते तशी: एक पुडी परत केली तर तो बिल पहिल्यापासून करत नाही, तेवढी रक्कम खोडतो. या पद्धतीला एनएनयूई म्हणतात. ऑगस्ट २०२०मध्ये ती स्टॉकफिशमध्ये आली, सप्टेंबरात १२वी आवृत्ती. मुळात कोणत्याही मथळ्यात नव्हती अशी गोष्ट, आणि आज प्रत्येक जाहिरातीत "न्यूरल" म्हणून मिरवते ती बहुतेक वेळा हीच.

स्टॉकफिशवाले धुतल्या तांदळासारखे आहेत असं मात्र समजू नका. १२व्या आवृत्तीबरोबर त्यांनीही लिहिलं होतं की ११वीविरुद्ध ती हरते त्याच्या किमान दहापट जास्त जोड्या जिंकते. जोडी म्हणजे एकाच सुरुवातीवरून रंग बदलून दोन डाव. त्यात बरोबरीत सुटलेल्या जोड्या हिशेबाबाहेर, आणि सामना स्वतःच्याच जुन्या आवृत्तीशी. खरं आहे, पण "दहापट" हा शब्द काही उगाच निवडलेला नाही.

डबा नवा, आतला माल?

२०२१च्या फेब्रुवारीत जर्मनीच्या चेसबेस कंपनीने फॅट फ्रिट्झ २ हे इंजिन बाजारात आणलं. नवं, मोठ्या नेटवर्कचं, एक नंबर अशी त्याची ओळख. किंमत जवळपास शंभर युरो. उघडून बघणाऱ्यांना आत स्टॉकफिश दिसलं, फक्त त्याचं नेटवर्क बदलून मोठं केलेलं.

इथे एक गैरसमज काढायला हवा, कारण दाजीही लगेच म्हणाले, "म्हणजे चोरीच की." फुकटचं विकलं म्हणून गुन्हा होत नाही. स्टॉकफिशचा जीपीएल परवाना विकायलाही मुभा देतो. अट एवढीच की ज्याला विकाल त्याला हे कुठून आलं ते सांगा, मूळ कोड द्या आणि त्यालाही तेच हक्क द्या. वाद या अटींवरून झाला. जुलै २०२१मध्ये स्टॉकफिशच्या मंडळींनी दावा लावला, नोव्हेंबर २०२२मध्ये तडजोड झाली आणि चेसबेसने त्या इंजिनाची विक्री थांबवली. माझ्या मते यातला कायद्याचा भाग ठीकच, पण ग्राहकाच्या बाजूने प्रश्न जास्त साधा होता: मी शंभर युरो मोजतोय ते नेमक्या कोणत्या कामाचे? इंजिनाचे, की त्यातल्या एका बदललेल्या भागाचे?

आणि तो भाग किती गुणांचा, हे कसं ठरवायचं? स्टॉकफिशकडे यासाठी २०१३पासून फिशटेस्ट नावाची व्यवस्था आहे. कोणालाही कोडमध्ये बदल सुचवता येतो. तो बदल जगभरच्या स्वयंसेवकांच्या संगणकांवर खेळवला जातो, आधी दहा-दहा सेकंदांचे डाव, त्यात टिकला तर मिनिट-मिनिटाचे. हजारो, कधी लाखभर डाव. पुरावा एका बाजूला पुरेसा झुकला की चाचणी आपोआप थांबते. बहुतेक बदल नापास होतात. पास होणारा बदल एक-दोन गुणांचा असतो, आणि तेवढ्यावर लोक खूश होऊन पुढच्याला लागतात. नापास चाचण्याही सगळ्यांना बघायला तशाच ठेवलेल्या असतात. जाहिरातीत कधी नापास झालेला प्रयोग वाचलाय?

तीन रात्रींचा सामना

एवढं ऐकूनही दाजी "आधी मोजू"वर आलेच. क्लासच्या सरांकडे त्याच जातीचं एक विकतचं इंजिन होतं. त्यांनी लॅपटॉपसकट ते तीन दिवस दिलं. दुसऱ्या बाजूला फुकटचं स्टॉकफिश. दोघांना सारखे धागे, सारखी मेमरी, पाच-पाच मिनिटांचं घड्याळ, दहा ओळखीच्या सुरुवाती आणि प्रत्येकीवर रंग बदलून दोन डाव. अटींचा कागद दाजींनी स्वतः लिहिला, खाली तारीख घातली.

पहिल्या रात्री विकतचं ११-९ने जिंकलं. दाजी सकाळी मिसळीला बसले तेव्हा त्यांचा चेहरा खरेदी केल्यासारखा होता. दुसऱ्या रात्री साडेनऊ-साडेदहा, उलटं. तिसऱ्या रात्री पुन्हा साडेदहा-साडेनऊ. एकूण ६० डाव, ३१-२९. त्यातले ३८ बरोबरीत. लॅपटॉपच्या पंख्याच्या आवाजाने ताई एव्हाना वैतागली होती, चौथी रात्र मिळणार नव्हती.

मी कागदावर मांडून दाखवलं. फरक १२ गुणांचा. चूक वर-खाली ५३ गुणांची.

दाजींनी तो कागद बराच वेळ हातात धरला. "इन्कन्क्लुझिव्ह," म्हणाले, आणि शेऱ्याच्या जागी तसं लिहूनही टाकलं.

भाचा या तीन दिवसांत एकच डाव पुनःपुन्हा लावत होता, दुसऱ्या रात्रीचा. पांढऱ्याने पुढे आलेला घोडा दोन चालींत परत मूळ घरात नेला होता. "मामा, घोडा मागे का गेला? तिथे तर चांगला होता." मी बघितलं, मला सांगता येईना. दाजींनी बघितलं. मग आम्ही तो पट इंजिनाला घातला, दोन मिनिटं थांबलो, आणि तिघंही स्क्रीनकडे वाकलो.

+०.३८.